म्हातारपणासाठी ठेवलेले खेळ

अमरावतीच्या आमच्या घराची पुढची खोली उघडली की आधी स्पिरिटचा वास यायचा, त्यामागून खोडरबराचा, आणि मग तापलेल्या प्लास्टिकचा. तो तिसरा वास मला अजूनही कुठे आला, मिक्सर गरम झाला किंवा टीव्हीच्या मागे हात गेला, तरी मी क्षणभर लहान होते. बालपण आठवलं की लोकांना गोड वाटतं म्हणे. मला भीती वाटते. मी मूळचीच भित्री. सासरी अकोल्याला माझ्या नावावर एक म्हणच लागली आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मांजर आडवं गेलं, फोन अवेळी वाजला, मुलगी कॉलेजातून उशिरा आली, की नवरा तेवढं म्हणतो आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो. ऐकून ऐकून माझी भीती मलाच खोटी वाटायला लागली होती.

या फाल्गुनात दादाचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून त्या घरात एकटा.

"बेबी, शनवारी येऊन जा. तो पुन्याचा मानूस येऊन राहिला कॅसेटी पाह्यले. सगळं देऊन टाकतो त्याले. निरवानिरव करून टाकू."

"सगळं?"

"सगळं. मंग मी मोकळा."

आमच्या घरात निरवानिरव हा शब्द त्याआधी एकदाच वापरला गेला होता. आई शेवटची दवाखान्यात निघाली त्या सकाळी ती खाटेवर उठून बसली आणि एकेक वस्तू तिनं वाटून दिली. पुरणाचं यंत्र मला. पितळेचा डबा शेजारच्या काकूंना. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण दादाला, कारण तो एकटा राहणार होता. मग पदर सारखा करून म्हणाली, "झाली निरवानिरव. चला आता." आई परत आली नाही, आणि तो शब्द आम्ही दोघांनी पुन्हा कधी तोंडी आणला नाही. दादानं तो असा काढला, जसं काही येताना कोथिंबीर आण म्हणतोय. मी सूप खाली ठेवलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अवं, बरंच झालं ना. सुटला मानूस एकदाचा."

त्यात चूक काही नव्हतं. दादाच्या त्या पुढच्या खोलीला सगळे नातेवाईक कंटाळले होते. खालपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर नुसते व्हिडिओ गेम. पिवळ्या, काळ्या, राखाडी कॅसेटी, सीड्यांचे डबे, वायरी गुंडाळलेले रिमोट, जुनी यंत्रं, हातात धरून खेळायचे छोटे गेम. कॅसेटींची टोकं तो खोडरबरानं घासून स्पिरिटनं पुसायचा. गावोगावची दुकानं बंद पडत गेली आणि त्यांचा माल दादाच्या खोलीत येत गेला. पन्नाशी उलटली तरी पोट्ट्यांचे खेळ जमवतो, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तो हसायचा. आता तोच सगळं विकायला निघाला होता, आणि ज्याला त्याला हायसं वाटत होतं.

शनिवारी एसटीत बसले. मूर्तिजापूर सुटलं की दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं, मधेच एखादा फुललेला पळस. अशाच एसटीतून मी दादाबरोबर चांदूर बाजारला जायची. तिथं एक गेमचं दुकान मोडलं होतं आणि दुकानदारानं सगळ्या कॅसेटी बाजाराच्या दिवशी मिरचीवालीच्या शेजारी पोत्यावर मांडल्या होत्या. दादानं पोत्यासकट सगळं उचललं. येताना पोतं आमच्या दोघांच्या पायात. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बे यात?" दादा म्हणाला, "राक्षस हायेत. सोडू का?" सगळी गाडी हसली. त्या कॅसेटींना पुढे कित्येक वर्षं मिरचीचा खकाणा यायचा. यंत्रात घालण्याआधी फुंकर मारावी तर शिंका सुरू व्हायच्या, आणि दादा म्हणायचा की हा गेम तिखट आहे, जपून खेळ.

दादानं पुढच्या खोलीत गेमचं पार्लर का काढलं आणि ते बंद का पडलं, हे मला नीट सांगता येणार नाही. मला आठवतात ते चार टीव्ही, चार बाकं, आणि खिडकीत घरघरणारा कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. बाहेर अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन, आत अंधार करून बसलेली पोरं, दाराशी चपलांचा ढीग. चौकातून कुणीतरी गिला वडा आणलेला असायचा आणि त्याच तेलकट बोटांनी रिमोट दाबले जायचे. मग लाइन जायची. सगळी पोरं एका सुरात "आऽऽ" करायची. त्यानंतरच्या शांततेत कूलरचं पाणी ठिबकताना ऐकू यायचं. मला ती शांतता आवडायची नाही. टीव्हीतला माणूस उडी मारता मारता कुठे गेला असेल, याची मला खरीच काळजी लागायची.

आणि ते संगीत. वेळ संपत आली की गेममधलं गाणं एकदम घाईला यायचं. तेच गाणं, पण दुप्पट वेगानं. माझ्या हाताला घाम फुटायचा, अंगठा सुटायचा. मी रिमोट दादाच्या अंगावर टाकायची. "दादा, तू घे." "दे इकडे, भित्री भागूबाई," असं म्हणून तो राहिलेला अवघड भाग खेळून द्यायचा. मी डोळे मिटून त्याच्या पाठीला टेकून बसायची. संगीत पुन्हा संथ झालं की डोळे उघडायची. माझ्या लहानपणातले सगळे राक्षस त्यानं मारले, मी एकही मारला नाही.

घरी पोचले तर दार उघडंच होतं. पुण्याचा माणूस आधीच आलेला. तिशीचा, नम्र, हातात पांढरे सुती मोजे घालून जमिनीवर बसला होता. दादा खाटेवर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. अंगानं वाळला होता, पण चेहरा इतका शांत की मला कसंतरीच झालं. कित्येक महिन्यांत मी त्याला असा निवांत पाहिला नव्हता. अंगणात त्याची स्कूटर दिसली नाही. "गॅरेजवाल्या पोराले देऊन टाकली," तो म्हणाला, "मले आता कुठं जाचं हाय?" आत गेले तर आईचा फोटो भिंतीवरून उतरवून वर्तमानपत्रात बांधून ठेवलेला, वर सुतळी, आणि शेजारी त्याच्या सगळ्या कपड्यांच्या घड्या रचलेल्या. "तो तुले. जाताना नेजो."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पेले धुतले. मग मीच मला म्हटलं, झालं तुझं सुरू. माणूस पसारा आवरतोय, तर तुला त्यात यमदूत दिसतात.

बाहेर आले तेव्हा पुण्याचा माणूस माल पारखत होता. एकेक कॅसेट उचलायचा, उलटी करायचा, बारक्या पेचकसानं उघडून आतली सर्किटची हिरवी पट्टी पाहायचा. ते पाहून मला भुलाबाई आठवली. भुलाबाईच्या महिन्यात आम्ही मुली घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा आणून वाजवायची आणि आत काय खाऊ आहे ते आम्ही ओळखायचं. खडखडलं तर फुटाणे, काहीच वाजलं नाही तर शिरा. ओळखेपर्यंत खाऊ मिळायचा नाही. आमच्या घरी डबा वाजवायचं काम दादा करायचा, आणि पुढे त्यानं तीच युक्ती कॅसेटींना लावली. नकली कॅसेट आतून पोकळ, तिची पट्टी बोटाएवढी, हलवली की खुळखुळते. असली कॅसेट गप्प राहते. तेव्हापासून आमच्याकडे असली माल म्हणजे शिरा आणि नकली म्हणजे फुटाणे. नुसत्या खुळखुळण्यावरून तो कॅसेट कुठल्या गेमची आहे तेसुद्धा सांगायचा. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून कॅसेट हलवायची आणि तो न बघता नाव घ्यायचा.

मी फळीवरून एक जुनी पिवळी कॅसेट काढली आणि त्याच्या कानाशी नेऊन हलवली. "ओळख."

त्यानं माझा हात हलकेच बाजूला केला. "ठेव व बाई. आता ओळखून काय करू?"

पुण्याच्या माणसानं वर पाहिलं. मी त्याला शिरा-फुटाण्यांची गोष्ट सांगितली. तो मनापासून हसला आणि म्हणाला, "मग ताई, हा सगळा ढीग फुटाण्यांचा." त्याच्या डाव्या बाजूला तो ढीग वाढत चालला होता. त्यात आमच्या सगळ्या लाडक्या कॅसेटी होत्या. वरच्या चिठ्ठीवर खेळांचा आकडा म्हणून नऊच्या मागे नऊ छापलेले आणि आत पाच-सहाच खेळ असलेल्या. पोरांच्या बोटांनी चिठ्ठ्या झिजून पांढऱ्या पडलेल्या. "याला मार्केट नाही, काका," तो जरा संकोचून म्हणाला. "टेम्पोत जागा असेल तर नेतो."

"मालूम हाय," दादा म्हणाला. "ने."

मग दादा उठला. खाटेखालून त्यानं पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. पुण्याच्या माणसानं आत पाहिलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला. पेटीत गेम होते, पण एकाही डब्याचं वेष्टण फोडलेलं नव्हतं. दुकानातून आले तसे, कोरे.

"काका, हे कधी उघडलेच नाहीत?"

"नाई."

"कमाल आहे. खरं सांगू, या पेटीची किंमत बाकी सगळ्या खोलीपेक्षा जास्त होईल."

त्या पेटीची खरी किंमत मला ठाऊक होती. दरवर्षी दिवाळीला दादा एक नवा गेम घ्यायचा आणि न फोडता तिच्यात टाकायचा. मी हट्ट करायची, रडायची, एकदा तर जेवले नव्हते. तो म्हणायचा, "हे म्हातारपनचे हायेत. तेव्हा पाय चालत नाई, बाहेर जाता येत नाई. तू पन येजो. दोघं बसून खेळू." थंडीत गच्चीवर आई मुगवड्या घालायची, तिथंच बाजूला तो ही पेटी ऊन दाखवायला उघडी ठेवायचा. पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या घालायचा. माझं लग्न झालं, मुलगी झाली, दिवाळीत माहेरी आले की तो पेटी उघडून दाखवायचा. हा एक आनखी जमा झाला, म्हातारपन मजेत जानार आपलं. मी म्हणायची, तुझ्या म्हातारपणात मला कशाला ओढतो? आम्ही हसायचो.

ती पेटी त्यानं त्या माणसाकडे सरकवली. सरकवताना एकदाही तिच्यावरून हात फिरवला नाही.

ते घाईला आलेलं संगीत माझ्या छातीत सुरू झालं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दादा, कूलर नाई काढला अजून?" होळी तोंडावर आली होती. दरवर्षी महाशिवरात्र झाली की त्याचं ताट्या बदलणं, पंपाला तेल देणं सुरू व्हायचं. साऱ्या आळीत त्याचा कूलर पहिला लागायचा.

"या साली नाई काढत. नाई लागत."

अमरावतीत एप्रिल आणि मे कूलरशिवाय. हे वाक्य पुण्याच्या माणसाला काहीच सांगून गेलं नाही, तो मान खाली घालून डबे मोजत होता. पण आमच्याकडे माणूस कर्ज काढील, उपाशी राहील, कूलर काढल्याशिवाय राहणार नाही. कूलर लागत नाही असं तोच म्हणेल, जो उन्हाळ्यात इथं असणार नाही. स्कूटर, फोटो, पेटी, तो शांत चेहरा. मी दाराची चौकट धरली.

विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात असं विचारत नाहीत. मरणाचा शब्द तोंडातून निघाला की आई झटकन तोंडावर हात ठेवायची. "वास्तू तथास्तु म्हणते, बेबी." घर ऐकत असतं. नको ते बोललं की ते होऊ दे म्हणतं. बाबांच्या आजारपणातही आम्ही त्या खोलीत फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी पोरीला कॉलेजात घातलेली बाई, पण त्या चौकटीत उभी असताना मला आढ्याकडे पाहायचा धीर होईना. मी विचारलं आणि घर होऊ दे म्हणालं तर? म्हणून मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, जरा बाहेर ये."

"काहून?"

"ये म्हणते ना."

त्याला ओढतच अंगणातून पार रस्त्यापलीकडे नेलं, कडुनिंबाखाली. तिथवर घराला ऐकू जात नसेल, असं मी मनात धरलं. हसण्यासारखंच आहे. पण तेवढ्या आधारावर माझी जीभ वळली. समोरून टरबुजांची गाडी जात होती. ती जाऊ दिली आणि विचारलं.

"दादा, तुले मरायचं हाय का?"

मला वाटलं तो हसेल. भित्री भागूबाई म्हणेल, डोक्यात टपली मारेल. मी त्या टपलीची वाट पाहत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. निंबाच्या बुंध्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "कोनं सांगतलं तुले?"

मी तिथंच निंबाच्या पारावर बसले. आयुष्यभर मला शंभर गोष्टींची भीती वाटली आणि त्यातली एकही खरी झाली नाही. आणि ही एक खरी निघाली.

"कोनी नाई सांगतलं. कूलर काहून नाई काढला तू?"

तो माझ्या शेजारी बसला. चपलेनं निंबाचा सुका पाला चुरत राहिला. मग म्हणाला, "महिनाभर लोकं येऊन राहिले, बेबी. स्कूटर न्याले, भांडे न्याले. सगळे म्हने, बरं केलं दादा, आवरून घेतलं. चांगले लोकं हायेत. पन एकानं नाई इचारलं."

"मी इचारलं ना."

"तू इचारलं," तो म्हणाला. "का ते नको इचारू."

"नाई इचारत. माझ्यासंग अकोल्याले चल."

"आता?"

"आता."

"कपडे..."

"घड्या करून तूच ठेवले हायेत."

तो रडला. आमच्या बाबांच्या वेळी, आईच्या वेळी रडला नव्हता. रस्त्यावरून लोक जात होते, ओळखीचे होते, बघत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मला तेव्हाही भीतीच वाटत होती, की हात काढला तर काय होईल.

पलीकडे टेम्पो भरत होता. पोती, खोकी, आणि शेवटी ती पत्र्याची पेटी. मी उठायला लागले. "ती नको देऊ, दादा. ती तरी ठेव." त्यानं मला खाली बसवलं. "जाऊ दे. एवढ्यात त्या पेटीचं नाव नको काढू माह्यापुढं." पुण्याच्या माणसानं येऊन दोन्ही हातांनी नमस्कार केला. काका, सगळं नीट सांभाळीन म्हणाला. तो खरंच सांभाळील. वाईट नव्हता तो. त्याला ज्या वस्तू पारखता येत होत्या त्या त्यानं चोख पारखल्या.

खोली रिकामी झाली तेव्हा फळ्यांवर कॅसेटींच्या आकाराचे धूळ नसलेले चौकोन उरले होते. मी दार ओढून घेतलं. दुपारच्याच गाडीनं आम्ही निघालो, आईचा फोटो मांडीवर घेऊन. वाटेत तो झोपला आणि मी अकोला येईपर्यंत त्याच्या छातीकडे बघत बसले, वरखाली होते की नाही ते.

आता तो आमच्याकडे असतो. डॉक्टरांकडे जातो, गोळ्या घेतो, भाजी आणतो, कधी कधी दिवसभर बोलत नाही. नवऱ्यानं ती म्हण टाकून दिली आहे. पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेतल्यावर तो उठला आणि दादाची पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली. डॉक्टर म्हणाले, भीती धरून बसू नका, पण लक्ष ठेवा. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी दादा न्हाणीत गेला की मी गॅस बारीक करून ओट्याशी उभी राहते. बादलीत पाणी पडतं तोवर ठीक असतं. पाण्याचा आवाज थांबला की माझ्या हातातला झारा थांबतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्याच्या लक्षात आलंय. नळ बंद केला की तो आतून मुद्दाम मोठ्यानं खाकरतो. मग मी गॅस मोठा करते.